वाट बघणारी शाळा

भिंगरीच्या घरात हुकूम सोडायला कुणालाच बंदी नव्हती, कारण तो पाळला जाण्याची सुतराम शक्यता नव्हती. सहा वर्षांची पोरगी. "बूट घाल" म्हटलं की बूट कपाटाखाली जात. "जेवायला ये" म्हटलं की पोटात कावळे ओरडत असले तरी ती टेबलाकडे पाठ करून बसे आणि रडे, कारण जेवायचं तर तिलाही असे. ती स्वमग्न आहे हे निदान करणाऱ्या डॉक्टरांनी आईबाबांना समोर बसवून सांगितलं होतं, की हा हट्ट समजू नका, ही भीती आहे. कुणी काही करायला सांगितलं की तिच्या आत धोक्याची घंटा वाजते, मग ते सांगणं प्रेमाचं असो की रागाचं. आत्याला हे अजिबात पटलं नाही. तिच्या मते दोन धपाटे दिले की घंटा आपोआप बंद झाली असती. आत्याला स्वतःची मुलं नव्हती, त्यामुळे तिला मुलांबद्दल सगळंच माहीत होतं.

आई कवळ्या बनवायच्या कामाला होती. दंतवैद्यांकडून आलेल्या मापांवर मेण ओतायचं, एकेक दात बसवायचा, घासून गुळगुळीत करायचा. दिवसभर परक्यांच्या जबड्यांशी बोलल्यामुळे असेल, पण उत्तराची अपेक्षा न ठेवता बोलायची कला तिला साधली होती. ती भिंगरीला काही सांगतच नसे. हवेला सांगे. "या बुटांना आज कुणी नेणार नाही वाटतं," असं म्हणून ती दुसऱ्या खोलीत निघून जाई, आणि कधी कधी, रोज नव्हे, मागून बुटांचा आवाज येई. किंवा दात घासायच्या वेळी पुटपुटे, "हे काही कुणाला जमायचं नाही बाई." मग कुणालातरी जमे. हे शब्द शोधायला तिला वर्षं लागली होती, आणि ते ती जपून वापरी, कारण जास्त वापरले की त्यांचा वास भिंगरीला लागलाच म्हणून समजा.

बाबाची तऱ्हा उलटी. तो लिफ्टचा मेकॅनिक, तोंडाचा फटकळ. पाळले जाणारच नाहीत तर हुकूम निदान मजेदार तरी असावेत असं त्याचं गणित. "जा, पंख्याला लटक!" "माझी चप्पल खा!" "चंद्रावर जाऊन झाडू मारून ये!" भिंगरी दोन्ही हात पसरून "नाऽऽही!" असं ओरडत खोलीभर गरगर फिरे आणि हसून हसून खाली पडे. तिचं नाव त्या फिरण्यावरूनच पडलं होतं. खरं नाव दवाखान्यातच काय ते ऐकू यायचं.

पहिल्या शाळेने हात टेकले होते. आता दोन शाळा समोर होत्या आणि दोघींनाही शुक्रवारी उत्तर हवं होतं. त्यानंतर जागा भरल्या असत्या आणि भिंगरी वर्षभर घरी. म्हणजे आईचं काम सुटलं असतं, आणि त्याहून वाईट म्हणजे भिंगरीला आईबाबांखेरीज जगात कुणीच उरलं नसतं.

त्यातली एक शाळा सायकलदुरुस्तीच्या दुकानामागे होती. ती बघायला गेले तेव्हा एक मूल रडत होतं, एक चटईवर झोपलं होतं आणि बाकीची मुलं बाकं जोडून आगगाडी करत होती. पँटला खडू लागलेले सर त्या गाडीला वाट करून देत बोलायला आले. "खरं सांगू का? जमेल की नाही, मला माहीत नाही," ते म्हणाले. "अशी एक मुलगी होती आमच्याकडे. तिला टेबलाखाली बरं वाटायचं, म्हणून तिथेच राहू दिलं. वर्षाने वर आली. म्हणजे, थोडी."

बाहेर पडल्यावर बाबा उखडलाच. "मास्तर म्हणतो मला माहीत नाही! मी लिफ्ट दुरुस्त करायला जाऊन असं म्हटलं तर लोक मला जिन्याने हाकलतील."

दुसरी शाळा मोठी होती. रुंद व्हरांडा, पुसून पुसून चकचकीत केलेली फरशी, भिंतीलगत ओळीने टांगलेली दप्तरं. आईला आधी काय चुकतंय ते कळेना. मग घंटा झाली, वर्गांची दारं उघडली, मुलं बाहेर आली आणि भिंतीच्या कडेकडेने चालत गेली, तेव्हा तिच्या लक्षात आलं की मधली सुट्टी झाली होती आणि आवाज झाला नव्हता. मनात पाल चुकचुकली. पण हात टेकलेल्या जुन्या शाळेत लेकीची किंकाळी फाटकापर्यंत ऐकू आलेली बाई शांततेला नावं कशी ठेवणार? तिने पालीला हुसकावून लावलं.

मुख्याध्यापिकेला तिथे सगळे मोठ्या बाई म्हणत. आवाज इतका मऊ, की ऐकायला पुढे वाकावं लागे. "आमच्याकडे कुणी ओरडत नाही," त्या म्हणाल्या. "मारणं तर लांबच. कुणी हुकूमसुद्धा करत नाही. आम्ही फक्त वाट बघतो."

"किती वेळ?" बाबाने विचारलं.

"मूल तयार होईपर्यंत. आम्हाला घाई नसते." मग त्या आईकडे वळल्या. "तुम्ही घरी कसं करता? अगदी बारीकसारीक सांगा. तिचे तज्ज्ञ तुम्हीच."

हे वाक्य आईला आजवर कुणी ऐकवलं नव्हतं. सगळे तिला काय करायचं ते सांगत, काय करतेस ते कुणी विचारत नसे. ती विरघळली. हवेशी बोलणं, "कुणाला जमायचं नाही" म्हणणं, पाठ फिरवून दुसऱ्या खोलीत जाणं, कुठला शब्द सकाळी चालतो आणि कुठला संध्याकाळी, सगळं तिने सांगून टाकलं. घराच्या किल्ल्या परक्याच्या हातात देताना माणूस निदान एकदा तोंड बघतो. तिने तेवढंही केलं नाही, उलट तिला अभिमान वाटत होता. मोठ्या बाई मान डोलावत ऐकत होत्या.

निघताना त्यांनी व्हरांड्याच्या टोकाची एक खोली दाखवली. एक खुर्ची, एक दिवा, पिवळसर भिंती. "ही तयारीची खोली. मूल तयार नसलं की इथे निवांत बसतं." दाराची कडी बाहेरून होती आणि मोठ्या माणसाच्या खांद्याएवढी उंच. आईने ती पाहिली. जुनी इमारत असेल, असं मनाशी म्हणाली आणि पुढे गेली.

सोमवारपासून गुरुवारपर्यंत भिंगरीने तिथे बसून बघायचं ठरलं. पालकांनी फाटकाबाहेर थांबायचं.

सोमवारी भिंगरी बाहेर आली ती स्वतःचं दप्तर स्वतःच्या खांद्यावर घेऊन, उजव्या पायात उजवा बूट घालून. बाबाचे डोळे भरून आले. घरी येऊन ती हात धुवायला गेली. तिला कुणी सांगितलंही नव्हतं, आई नुसती नळाकडे बघत होती. बाबाने लगेच आत्याला फोन लावला आणि आत्या इतक्या मोठ्याने "मी म्हणत नव्हते?" म्हणाली, की तो फोन लावायची तशी गरज नव्हती.

मंगळवारी ती प्रत्येक दारापाशी थांबायला लागली. उघड्या दारापाशीसुद्धा. "जा की गं," म्हटलं की जाई. जेवताना एक घास झाला की मान वर करून बघे. पाणी प्यायला विचारलं, शू करायला जाऊ का विचारलं. बाबा म्हणाला, किती गोड. आईने हो म्हटलं. तिलाही गोडच वाटायला हवं होतं. दिवसभरात पोरगी एकदाही गरगर फिरली नव्हती, हे अंथरूण घालताना तिच्या लक्षात आलं.

बुधवारी मात्र आईचा जीव थाऱ्यावर राहिना. कामावर टाकाऊ ठरलेले नकली दात ती भिंगरीला आणून देई. भिंगरीचा जीव होता त्यांच्यावर. पांढरे, दुधाळ, पिवळट, चहा पिणाऱ्यांचे, असे रंगांप्रमाणे लावून ती फरशीवर लांबच लांब रांगा करी आणि त्यातला एखादा दात कुणी हलवला तर घर डोक्यावर घेई. त्या संध्याकाळी रांग अर्धी झाली होती. आई सवयीने हवेला म्हणाली, "हे दात आज बाहेरच झोपणार वाटतं."

भिंगरीचे खांदे कानाला भिडले. तिने दोन्ही हातांनी रांग विस्कटली, सगळे रंग एकत्र कालवून डब्यात कोंबले आणि झाकण लावलं. डबा जागेवर ठेवून ती भिंतीला टेकून उभी राहिली आणि आईच्या तोंडाकडे बघत राहिली. आईने तर काही सांगितलंच नव्हतं! तिचे हे शब्द इतकी वर्षं पोरीला जागा सोडत आले होते, हो म्हणायलाही आणि नाही म्हणायलाही. आता त्याच शब्दांनी पोर चाबूक दिसल्यासारखी दचकत होती. ते तिथे कुणीतरी दिवसभर वापरत होतं.

थोड्या वेळाने आतल्या खोलीतून बोलणं ऐकू आलं. भिंगरीने एक दात पेल्याखाली झाकून ठेवला होता आणि ती त्याच्याशी बोलत होती. आवाज मऊ, इतका मऊ की ऐकायला आईला पुढे वाकावं लागलं.

"घाई नाही हं. आम्ही वाट बघू. पाणी नंतर. शू नंतर. आई नंतर. आधी तयार हो."

आई तिच्या शेजारी जाऊन टेकली. "भिंगरे, त्या खोलीत तू किती वेळ बसलीस?"

"तयार झालं की दार उघडतं," भिंगरी म्हणाली, आणि पेल्यावर हात ठेवून बसली.

बाबा घरी आल्या आल्या आईने त्याला सगळं सांगितलं. तो बराच वेळ बुटाची नाडी सोडवत राहिला. "नवीन जागा आहे. चार दिवस जडच जातात," तो म्हणाला.

"अरे, तिला घाबरवतात तिथे."

"घाबरायची ती आधीपण. बुटाला घाबरायची, ब्रशला घाबरायची." त्याचा आवाज चढला आणि मग एकदम बसला. "मी लिफ्टच्या खड्ड्यात उतरतो ना, तेव्हा रोज एकच विचार येतो. मला काही झालं, तुला काही झालं, तर हिला कोण सांभाळणार? हवेशी बोलत कोण बसणार? आज पहिल्यांदा वाटतंय की ही जगेल. तेवढं तरी वाटू दे मला."

तोच विचार आईच्याही उरावर रोज बसत होता. शुक्रवारपर्यंत बघू, असं ठरलं. असं ठरवून माणसं स्वतःला फसवतात, तसंच त्या दोघांनी फसवलं.

गुरुवारी बाबा खुशीत होता. बाहेर छान उजेड होता, चौथ्या मजल्यावरच्या त्यांच्या खोलीत ऊन आलं होतं, तो जमिनीवर बसून एक बिघडलेलं लिफ्टचं बटण खोलत होता आणि आई ओट्यापाशी भांडी पुसत होती. भिंगरी त्याच्यासमोर हात मांडीवर ठेवून बसली होती.

"आता काय करू?" तिने विचारलं.

"तो स्क्रू दे." तिने दिला.

"आता काय करू?"

"तो फडका दे. वा! माझी असिस्टंट!"

"आता काय करू?"

"आता बस झालं, खेळ जा."

"काय खेळू?"

"काहीही गं."

"काहीही काय? आता काय करू?"

बाबाचं सगळं लक्ष बटणातल्या बारीक स्प्रिंगवर होतं. इतक्या वर्षांची जिभेची सवय. हसत हसत, मान वर न करता तो म्हणाला, "आता? आता खिडकीतून उडी मार!"

आणि तो वाट बघत राहिला, त्या लांबलचक "नाऽऽही" ची.

स्टूल सरकल्याचा आवाज आईने ऐकला. मग खिडकीच्या बोल्टाचा. तिने वळून पाहिलं तेव्हा भिंगरी स्टुलावर उभी होती, खिडकीचं दार सताड उघडं होतं आणि एक गुडघा बाहेरच्या कठड्यावर टेकला होता. तिने घाई केली नव्हती. पडू नये म्हणून चौकट नीट धरली होती. आईच्या हातातलं ताट कुठे पडलं, ती खोली कशी ओलांडून गेली, हे तिला पुढेही कधी आठवलं नाही. तिच्या हातात आधी फ्रॉक आला, मग दंड, मग अख्खी पोरगी, आणि दोघी फरशीवर आदळल्या. बाबा अर्धवट उठून, तोंड उघडं ठेवून तसाच वाकलेला राहिला होता.

भिंगरी रडत नव्हती. तिने आईच्या हाताखालून डोकं बाहेर काढलं आणि बाबाकडे बघून म्हणाली, "मी जातच होते. आईने धरलं. मी तयार होते ना? आता नाही ना बसायचं?"

बाबा हमसून हमसून रडायला लागला. त्याला कुणी कधी रडताना पाहिलं नव्हतं. "मी गंमत केली गं," तो म्हणत राहिला. "या घरात कधी कुणी ऐकलंय का माझं!"

शुक्रवारी दोघंही मोठ्या बाईंसमोर बसले. भिंगरी दाराबाहेर उभी होती, कारण तिला तिथे उभी राहा म्हटलं होतं. आईने झाला प्रकार सांगितला.

मोठ्या बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. "उडी मारायला तिला कुणी सांगितलं?"

बाबाने मान खाली घातली.

"मग जपून बोलायला आता तुम्ही शिकायचं," त्या म्हणाल्या. "मुलगी तर शिकलीच आहे."

"तुम्ही तिला कोंडून ठेवत होतात!" आई ओरडली. त्या इमारतीत बहुधा पहिल्यांदाच कुणी ओरडलं असावं. "पाणी देत नव्हतात, शूला सोडत नव्हतात!"

"आम्ही काहीच करत नव्हतो. वाट बघत होतो. तुमचेच शब्द वापरत होतो." त्यांच्या चेहऱ्यावर रागाची रेषही नव्हती. "घेऊन जा हवं तर. बरेच जण नेतात. मग मूल शहाण्यासारखं वागतंय हे त्यांच्या लक्षात येतं आणि आभार मानायला फोन करतात."

आई ताडकन उठून बाहेर आली तर दारापाशी भिंगरी नव्हती. व्हरांडा रिकामा, सगळीकडे तीच ती शांतता. ती धावत टोकापर्यंत गेली. पिवळसर खोलीत खुर्चीवर भिंगरी ताठ बसली होती आणि दार उघडंच होतं. कुणीतरी जाता जाता "आत बस" म्हणालं होतं, एवढंच. बाबाने तिला उचललं. उचललेलं तिला कधीच खपत नसे, अंगाची कमान करून ती किंचाळायची. आज ती पोत्यासारखी त्याच्या खांद्यावर पडून राहिली. त्याने तिला तशीच फाटकाबाहेर नेली आणि पुन्हा मागे वळून पाहिलं नाही.

तिथून ते थेट सायकलच्या दुकानामागे गेले. सरांनी जागा राखली होती. टेबलाखाली चटई अंथरून, एका बाजूला पडदाही लावला होता त्यांनी. आईने त्यांना आपले शब्द सांगितले नाहीत. एवढंच सांगितलं, की हिला काही सांगताना दहादा विचार करा, ही ऐकते.

पंधरवडा गेला, महिना गेला. दुपारी फाटकाशी इतर आया विचारत, आमचा नीट बसला का, मारामारी केली का. भिंगरीची आई विचारी, "आज कशाला नाही म्हणाली?"

"नाही हो," सर सांगत. सुरुवातीला त्यांना गंमत वाटली, मग वाटेनाशी झाली. "टेबलाखाली जा म्हटलं की जाते. ये म्हटलं की येते. काल एका मुलाने तिला सगळा खाऊ दे म्हटलं, तिने दिला. मी आता मुलांनाच सांगून ठेवलंय, हिला काही सांगू नका. पण मुलं ती, किती लक्ष ठेवणार?" मग ते म्हणाले, "शाळेबाहेर मात्र तिचा हात सोडू नका तुम्ही. कुणीही चल म्हटलं तर जाईल."

त्या संध्याकाळी आईने दातांचा डबा काढला, फरशीवर स्वतःच एक रांग लावायला घेतली, मुद्दाम पांढऱ्यात पिवळा घातला. भिंगरी शेजारी बसून बघत होती. पिवळ्या दातापाशी तिचं बोट हललं आणि पुन्हा मांडीवर गेलं. ते बोट बघून आईचा धीर सुटला. तिने लेकीचे दोन्ही हात हातात घेतले आणि हवेला बिवेला न सांगता सरळ तिच्याशी बोलली.

"भिंगरे, ऐक माझं राणी. तुला जे नको असेल त्याला नको म्हणायचं. मला म्हण, बाबाला म्हण, सरांना म्हण. कुणी रागावणार नाही, कुणी कुठे बसवणार नाही. म्हणशील ना?"

भिंगरीने तिचा चेहरा नीट वाचून घेतला, कपाळापासून हनुवटीपर्यंत, आणि शहाण्यासारखी मान हलवली.

"नको," ती म्हणाली. मग जरा थांबून, पुढे वाकून, मऊ आवाजात तिने विचारलं, "बरोबर म्हटलं?"